फिरत्या चषकाचा मानकरी

मी साखर चोरत नव्हतो. हे वाक्य मी जवळजवळ दोन वर्षं निरनिराळ्या लोकांना निरनिराळ्या आवाजात सांगितलं. बायकोला सांगितलं, वडिलांना सांगितलं, डॉक्टरांना सांगितलं. एकदा स्वयंपाकघरात कुणी नसताना साखरेच्या डब्यालाही सांगितलं. मधे न बोलता ऐकून घेतलं ते फक्त डब्याने.

मी पाणीपुरवठा खात्याच्या तक्रार विभागात आहे. नागरिक तक्रार घेऊन येतात आणि ती कोणत्या प्रकारात बसते ते मी ठरवतो. गळती, कमी दाब, गढूळ पाणी, मीटरचा बिघाड, असे काही ठरलेले प्रकार आहेत. त्यांच्या बाहेर तक्रार करायची सोय नाही. एका बाईंच्या नळातून पाण्याआधी शिट्टी यायची. शिट्टीला आमच्याकडे प्रकार नाही, म्हणून मी ती 'कमी दाबा'त घातली. तक्रारीला प्रकार मिळाला की ती मार्गी लागली, असं आमच्याकडे धरतात. शिट्टी अजून वाजते, पण आता ती मार्गी लागलेली शिट्टी आहे.

हे सांगायचं कारण असं की माझ्या बाबतीतही नेमकं हेच झालं.

ऑफिसात आरोग्य शिबिर होतं. बोटाला सुई टोचून घेणाऱ्याला एक दिवस उशिरा यायची मुभा होती, म्हणून मी टोचून घेतली. नर्सने यंत्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "काही खाऊन आलात?"

"नाही."

"नक्की?"

माझ्यावर घेतलेला हा पहिला संशय. तेव्हा मी तो हसण्यावारी नेला.

आमचे नेहमीचे डॉक्टर भले गृहस्थ आहेत. त्यांच्याकडे गर्दी एवढी असते की बसलेला पेशंट उठायच्या आत पुढचा बसू लागतो. त्यांनी मान वर न करता विचारलं, "वय?"

"चव्वेचाळीस."

"काम?"

"बसून."

"टाइप टू," ते म्हणाले आणि लिहूनही मोकळे झाले. ती लिहिण्याची पद्धत मी ओळखली. माझ्या टेबलावर शिट्टीचा 'कमी दाब' अगदी असाच एका फटक्यात लिहिला गेला होता. त्यांनी मला एक रंगीत पत्रक दिलं. त्यावर एका गुबगुबीत माणसाचं चित्र होतं आणि एक बाण त्याच्या पोटाकडे रोखलेला होता.

"वजन कमी करा."

मी खाली पाहिलं. शाळेपासून मला 'काडी' म्हणतात. मी बसलो की शर्ट माझ्यापेक्षा जास्त जागा घेतो. "डॉक्टर, कुठलं कमी करू?"

"आहे त्यातलं," ते म्हणाले, आणि पुढचा पेशंट माझ्या मांडीवर बसायच्या बेतात असल्यामुळे मी उठलो.

घरी बातमी सांगितली तेव्हा सर्वांत जास्त धक्का बाबांना बसला. त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर, पोट चांगलं ऐसपैस आणि मत ठाम. "आपल्या घराण्यात कुणाला साखर नव्हती," ते म्हणाले. "तुझ्या आईच्या माहेरी असेल."

"बाबा, तुम्ही कधी तपासून घेतलीय?"

"ज्याला होत नाही त्याने तपासायचं कशाला?" असं विचारून त्यांनी चहाचा कप पुढे केला. "सूनबाई, जरा गोड कमी पडलंय."

आमची सौभाग्यवती शाळेत विज्ञान शिकवते. तिने रडारड केली नाही. पत्रक दोनदा वाचलं, फ्रिजवर चिकटवलं आणि म्हणाली, "पथ्य, चालणं आणि गोळी. या तीन गोष्टी केल्या की उतरणार. सोपं आहे."

चालण्याची व्यवस्था लगेच झाली, कारण आमच्या इमारतीसमोरच्या बागेत मधुमेह मित्र मंडळ रोज सकाळी फेऱ्या घालतं. मंडळाचे अध्यक्ष बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्यासमोर गेलं की आपण कर्ज मागायला आलोय असं वाटतं. मंडळात ज्येष्ठता वयावर नसून साखर किती जुनी यावर असते. वीस वर्षांचे साखरवाले पुढे, दहावाले मधे आणि माझ्यासारखे नवशिके धुळीत. सल्लेही त्याच क्रमाने मागे येतात. पहिल्या फेरीत मला कडू रस प्यायला सांगण्यात आलं, दुसऱ्या फेरीत रस अजिबात न पिण्याबद्दल बजावण्यात आलं आणि तिसऱ्या फेरीत एका काकांनी बाजूला घेऊन सांगितलं, "हे सगळं सोडा. उलटं चाला. उलटं चाललं की साखर गोंधळते." मी प्रामाणिकपणे उलटा चाललो. माळ्याच्या झारीवर बसेपर्यंत चाललो.

तीन महिन्यांनी तपासणी केली. साखर गोंधळली नव्हती. ती वर गेली होती.

डॉक्टरांनी एक गोळी वाढवली. "पथ्य पाळताय ना?"

"काटेकोर."

"हं," ते म्हणाले. एका 'हं'मध्ये माणसाची किती अब्रू जाऊ शकते, हे मला त्या दिवशी कळलं. पुढच्या खेपेला आणखी एक गोळी आली. त्याच्या पुढच्या खेपेला ते माझ्याशी बोललेच नाहीत, थेट बायकोकडे वळले. "वहिनी, हे बाहेर काय खातात याकडे जरा लक्ष द्या. पेशंट खोटं बोलतात. रिपोर्ट खोटं बोलत नाही."

तो रिक्षातला प्रवास मी विसरणार नाही. तिने रिक्षावाल्याला पत्ता सांगितला. मग शांतपणे म्हणाली, "अहो, खरं सांगा. मी रागावणार नाही."

लग्नाला एकोणीस वर्षं झालेल्या कोणत्याही माणसाला या वाक्याचा अर्थ माहीत असतो.

"अगं, मी खरंच काही खात नाही."

"मग साखर आकाशातून पडते का?"

मी वर बघितलं, तिथे रिक्षाचं छत होतं. तिच्याकडे पद्धत होती. घरी येताच तिने साखरेच्या पारदर्शक डब्याला बाहेरून कागदाची पट्टी चिकटवली आणि आतल्या साखरेच्या उंचीवर रेघ मारली. दोन दिवसांनी साखर रेघेच्या खाली होती, जेवढी घरातल्या चहाला लागते त्यापेक्षा चमचाभर जास्त. तिने डबा माझ्यासमोर ठेवला. नापास मुलाला पेपर दाखवतात तसा तो ठेवला होता.

"मी नाही," मी म्हणालो.

"घरात तीन माणसं आहेत. मी घेत नाही. बाबांना साखर नाही, त्यांना चोरायची गरज काय? त्यांनी मागितली की मी देतेच."

"बरोबर आहे," बाबा वर्तमानपत्राआडून म्हणाले. "मुकाट्याने कबूल कर. लहानपणीही तू असाच कोरड्या तोंडाने उभा राहायचास."

तोंड कोरडं होतं हे खरं होतं. ते हल्ली सारखंच कोरडं असायचं. मी उठून तांब्याभर पाणी प्यायलो, तर बाबा सुनेला म्हणाले, "बघ. गोड खाल्लं की अशीच तहान लागते."

त्यानंतर मी घरात संशयित म्हणून राहू लागलो. माझा जेवणाचा डबा चिकटपट्टीने बंद होऊन यायचा आणि संध्याकाळी पट्टीचे तुकडे मोजले जायचे. शर्ट धुवायला टाकण्याआधी खिसे उलटे केले जायचे. एकदा खिशात चॉकलेटचा कागद सापडला. तो एका नागरिकाने तक्रारीसोबत पुरावा म्हणून आणला होता (ते चॉकलेट म्हणे नळातून आलं होतं), पण ही हकीकत मी जितकी खरी सांगत गेलो तितकी ती खोटी वाटत गेली. शेवटी बायकोने आठवड्याची रजा काढली, मलाही काढायला लावली आणि प्रयोग केला. मी पूर्ण वेळ तिच्या नजरेसमोर. ती देईल तेच खायचं. साहेबांच्या निरोप समारंभाला ती माझ्याबरोबर आली आणि केक कापला जात असताना माझा हात धरून उभी राहिली. आमच्या विभागातल्या टायपिस्टबाई म्हणाल्या, "अजून किती प्रेम आहे बघा!"

आठवड्याच्या शेवटी साखर आणखी वाढली होती. बायको रिपोर्ट हातात घेऊन बसून राहिली. विज्ञानाचा तिच्यावर एवढा मोठा आघात पूर्वी झाला नव्हता. मला वाटलं, आता सुटलो. ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही माझ्या डोळ्यांदेखत खाताय. आणि मला कळत नाहीय."

घरात असा अंधार असताना बागेत मात्र माझा सूर्य चढत होता. कारण माझं वजन उतरत होतं. आधीच काडी, त्यात आता काडीची सालही निघाली. चांभाराकडून पट्ट्याला नवी भोकं पाडून घेतली, ती पुरेनात तेव्हा चांभार म्हणाला, "साहेब, आता नवी कंबर घ्या." मंडळात माझ्याकडे आदराने पाहू लागले. वर्षानुवर्षं फेऱ्या घालून ज्यांचं वजन अर्धा किलोही हललं नव्हतं असे ज्येष्ठ माझ्या बरोबरीने चालायला धडपडत. काय खाता, काय पिता, किती झोपता, सगळं विचारत. मी खरं सांगायचो, "भरपूर खातो, भूकच फार लागते." त्यांना तो विनय वाटायचा.

मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात सर्वाधिक वजन घटवणाऱ्याला फिरता चषक देतात. त्या वर्षी दुसरं नावच पुढे आलं नाही. अध्यक्षांनी मला बोलावून हात हातात घेतला. बँकेत असताना त्यांनी कुणाचा हात असा घेतला असेल असं वाटत नाही. "चौदा किलो!" ते म्हणाले. "तुम्ही मंडळाचं नाव काढलंत."

"पण अध्यक्ष, साखर उतरली नाही."

"उतरेल. वजन गेलं की साखर मागोमाग जाते. पत्रकात दिलंय."

मी चषक घ्यायला तयार झालो, हे कबूल केलं पाहिजे. ज्याचे खिसे रोज तपासले जातात त्याला चारचौघांत मान मिळत असेल तर तो नाही म्हणत नाही. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "येईन." तिथे खायला काय ठेवणार आहेत, हेही तिने विचारून घेतलं.

कार्यक्रम बागेशेजारच्या सभागृहात होता. प्रमुख पाहुण्या म्हणून मोठ्या इस्पितळातल्या मधुमेहतज्ज्ञ डॉक्टरबाई आल्या होत्या. पन्नाशीच्या, बारीक आवाजाच्या, आणि समोरचा बोलत असताना त्याच्याकडे पूर्ण बघणाऱ्या. मला व्यासपीठावर त्यांच्या शेजारी बसवलं. अध्यक्षांनी भाषण सुरू केलं. निर्धार, शिस्त, त्याग असे शब्द माझ्या नावाला लागत होते आणि मला फक्त समोरचा पाण्याचा जग दिसत होता. मी एक ग्लास प्यायलो. मग दुसरा. अध्यक्ष त्यागाच्या दुसऱ्या उदाहरणावर आले तेव्हा जग रिकामा झाला होता आणि मी डॉक्टरबाईंच्या पुढ्यातला ग्लास ओढून घेतला होता. मग मला उठून बाहेर जावं लागलं. परत आलो, अध्यक्ष शिस्तीवर होते. पुन्हा बाहेर गेलो. श्रोत्यांना वाटलं, स्वतःची स्तुती ऐकवत नाही बिचाऱ्याला. टाळ्या पडल्या.

चषक देताना फोटोग्राफरने आम्हाला शेजारीशेजारी उभं केलं. चषकाला दोन कान होते. एक डॉक्टरबाईंनी धरला, एक मी.

"हसत राहा," डॉक्टरबाई ओठ न हलवता म्हणाल्या. "हे वजन तुम्ही मुद्दाम कमी केलंत?"

"चालतो रोज."

"जेवण कमी केलंत?"

"उलट वाढलंय. दोन माणसांचं जेवतो."

"मॅडम, इकडे बघा!" फोटोग्राफर ओरडला. "सर, चषक जरा वर!"

मी चषक वर उचलला.

"आधीपासून असेच बारीक?"

"शाळेपासून."

"घरात कुणाला मधुमेह?"

"वडील म्हणतात नाही."

"गोळ्या किती?"

"तीन प्रकारच्या."

"आणखी एक, मॅडम!"

"इथून घरी जायचं नाही," डॉक्टरबाई कॅमेऱ्याकडे बघून प्रसन्न हसत म्हणाल्या. "माझ्याबरोबर गाडीत बसायचं. लघवीची तपासणी आत्ता, रक्ताची लगेच. चषक बायकोकडे द्या."

त्या फोटोत आम्ही दोघंही फार आनंदात दिसतो.

इस्पितळात कळलं की लघवीत कीटोन होते. म्हणजे शरीराला साखर वापरता येत नाही म्हणून ते स्वतःची चरबी जाळत सुटलं होतं. आणखी आठवडाभर मी शिस्त, निर्धार वगैरे दाखवला असता तर मंडळाला चषकाऐवजी शोकसभा घ्यावी लागली असती, असं डॉक्टरबाई म्हणाल्या नाहीत. पण त्यांनी मला घरी सोडलं नाही आणि इन्सुलिन त्याच संध्याकाळी सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी त्या खुर्ची ओढून आम्हा दोघांसमोर बसल्या. "मला संशय आहे की हा टाइप टू नाही. टाइप वन असावा, मोठेपणी सावकाश सुरू होणारा."

"टाइप वन लहान मुलांना होतो ना?" बायकोने विचारलं. पुस्तकातून तिने तसंच शिकवलं होतं.

"लहान मुलांना होतो. मोठ्यांनाही होतो, कुठल्याही वयात. पण वय चाळीस पाहिलं की आम्ही डॉक्टर टाइप टू लिहून मोकळे होतो, कारण बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. सुरुवातीला गोळ्यांनी थोडं भागतं, त्यामुळे चूक लवकर लक्षात येत नाही. मग आपण पेशंटला दोष देतो." त्या माझ्याकडे वळल्या. "तुमचं काम काय?"

"पाणीपुरवठा. तक्रारी."

"मग तुम्हाला लगेच कळेल. टाइप टूमध्ये टाकीत पाणी, म्हणजे इन्सुलिन, असतं, निदान सुरुवातीला. पण व्हॉल्व्ह अडकलेला असतो. टाइप वनमध्ये शरीरच आपली टाकी फोडत असतं. सगळे दोन वर्षं तुमचा व्हॉल्व्हच साफ करत होते."

"आणि टाकी कुणी बघितलीच नाही," मी म्हणालो. मला एकदम त्या शिट्टीवाल्या बाई आठवल्या. त्यांच्या इमारतीची टाकी बघायला आम्ही कुणाला पाठवलं होतं का, हे मला आठवेना.

टाकी बघायच्या दोन तपासण्या असतात. एकीत शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतं ते कळतं. दुसरीत टाकी फोडणारे घटक रक्तात सापडतात का ते बघतात. डॉक्टरबाईंनी हेही सांगितलं की कधीकधी दोन्ही करूनही पेशंट कुठल्याच खान्यात नीट बसत नाही. मग खाना थोडा वेळ मोकळा ठेवायचा आणि पेशंटकडे लक्ष ठेवायचं. खाना मोकळा ठेवायचा! आमच्या खात्यात असं कुणी म्हटलं तर त्याची बदली होईल.

पुढच्या अडचणी सरकारी वळणाच्या होत्या, त्यामुळे मला घरच्यासारखं वाटलं. लॅबमधल्या मुलीने चिठ्ठी वाचून विचारलं, "मुलाला आणलंय?"

"माझीच तपासणी आहे."

"ही लहान मुलांची असते, काका."

ऑफिसच्या वैद्यकीय योजनेच्या खिडकीवर तर कॉम्प्युटरच अडून बसला. कारकून म्हणाला, "टाइप वन टाकलं की वय घेत नाही. तुमचं वय चुकलंय."

"वय बरोबर आहे."

"मग आजार चुकलाय."

"आजारही बरोबर आहे."

"दोन्ही बरोबर असून कसं चालेल?" तो कळवळून म्हणाला. "असं करू, टाइप टूमध्येच टाकतो. जवळचा प्रकार आहे. मार्गी लागेल."

मी आयुष्यात पहिल्यांदा खिडकीच्या या बाजूने ओरडलो. मजा आली.

रिपोर्ट आला तेव्हा बायको तो उभ्या उभ्या वाचत होती. टाकी जवळजवळ कोरडी होती आणि फोडणारे सापडले होते. तिने तो पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला. मग स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेलो तर ती साखरेच्या डब्यावरची पट्टी नखाने खरवडत होती. पट्टी चिवट होती.

"मी तुमचे खिसे तपासले," ती डब्याकडे बघत म्हणाली.

"हो."

"केक कापताना हात धरून उभी राहिले. लोकांसमोर."

"टायपिस्टबाईंना ते प्रेम वाटलं."

"मी खरंच म्हणतेय, अहो." तिचा आवाज वर्गातला राहिला नव्हता. "तुम्ही दोन वर्षं खरं सांगत होतात. आणि मी एकदाही…" पट्टीचा अर्धा भाग डब्यावर तसाच राहिला, तो अजून आहे.

तेवढ्यात बाबा दारात आले. "म्हणजे आता डब्याची चौकशी बंद?" त्यांनी विचारलं.

"बंद."

"मग सांगायला हरकत नाही. तो वरचा चमचा मी घ्यायचो. सूनबाई चहात घालते, पण मोजून घालते."

"बाबा! तुम्ही गप्प कसे राहिलात?"

"मला वाटलं, तूही घेतोयस," बाबा शांतपणे म्हणाले. "म्हटलं, दोघांचं एकाच्या नावावर जाऊ दे."

बायकोने माझं साखर मोजायचं यंत्र आणलं आणि बाबांचं बोट धरलं. यंत्राने जो आकडा दाखवला तो बघून बाबा म्हणाले, "यंत्र बिघडलंय." ते बिघडलं नव्हतं. आमच्या घराण्यात साखर होती आणि ती चांगली जुनी होती, फक्त तिला कुणी विचारलं नव्हतं. पोट, वय, तपासण्या, सगळं जमवून बघून डॉक्टरबाई म्हणाल्या, "हे मात्र पत्रकातल्यासारखे टाइप टू." बाबांना तो सन्मान वाटला. मंडळात ते आता मधल्या फळीत चालतात. साखर किती जुनी हे नक्की नसल्यामुळे अध्यक्षांनी त्यांना अंदाजे ज्येष्ठता दिली आहे.

माझ्या चषकावर मात्र कार्यकारिणीची बैठक बसली. इन्सुलिनने माझं वजन भरून येत होतं. घट आजारामुळे होती, प्रयत्नामुळे नव्हती, म्हणून निवड रद्द, असं अध्यक्षांनी अवघडून सांगितलं. चषक परत करायला बायको स्वतः आली. तो टेबलावर ठेवून ती म्हणाली, "त्या दिवशी माइकवर यांचा त्याग सांगितलात. आता माइकवर एवढंच सांगा की यांनी साखरेचा दाणाही चोरला नव्हता. मी घरात चुकीचं बोलले होते, ते चारचौघांत दुरुस्त व्हायला हवं." बागेत माइक नव्हता. अध्यक्षांनी पुढच्या फेरीत ते मोठ्याने सांगितलं. उलटं चालणाऱ्या काकांचं तोंड आमच्याकडे असल्यामुळे त्यांनी सर्वांत आधी टाळ्या वाजवल्या.

आता माझ्या आजाराची एक नवी बाजू आहे. इन्सुलिन थोडं जास्त झालं, जेवायला उशीर झाला, तर साखर एकदम खाली जाते. हात कापतात, घाम फुटतो. तेव्हा तोंडात ताबडतोब साखर टाकायची, नाहीतर माणूस जागच्या जागी आडवा होतो. म्हणून खिशात साखर ठेवण्याची मला डॉक्टरी सक्ती आहे. जे खिसे बायको रोज संध्याकाळी रिकामे करून बघायची, ते ती आता रोज सकाळी भरते. कागदाच्या छोट्या पुड्या बांधते, शर्टाच्या खिशात घालते आणि वरून थोपटून बघते.

परवा ऑफिसला निघताना तिने खिसा थोपटला. रिकामा होता.

"अहो, पुड्या कुठे गेल्या? कालच्या तशाच होत्या ना?"

"मी खाल्ल्या नाहीत," मी सवयीने म्हणालो.

तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ती सरळ बाहेरच्या खोलीकडे वळली आणि म्हणाली, "बाबा, हात दाखवा."